नागलोकची रांग

पार्किंगमध्ये गाडी थांबली, पण मी कुणालाही दार उघडू दिलं नाही.

"आधी शपथ घ्या," मी म्हणाले. "तिघांनीही."

पुढच्या सीटवरून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान वळवली. "कसली शपथ?"

"आज कुठल्याही रांगेत घुसायचं नाही. 'फक्त विचारायचंय' म्हणत पुढं जायचं नाही. रुमाल टाकायचा नाही, पिशवी ठेवून जागा धरायची नाही. जिथं रांग दिसेल तिथं शेवटी जाऊन उभं राहायचं."

"शेवटी?" गजराआत्यानं विचारलं. मी तिला दिवसभर उपाशी राहायला सांगितल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

गजराआत्या ही अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, ती कराडला आमच्याकडं आली, आणि आई अंगणवाडीत नोकरीला असल्यामुळं मला तिनंच वाढवलं. तिच्या अंगात एक कला होती. रेशन असो, दवाखाना असो की देवदर्शन, आत्या रांगेच्या शेपटाला पोचली की थोड्याच वेळात डोक्याशी असायची. ती धक्का मारायची नाही, भांडायची नाही. पुढच्या बाईला फक्त विचारायची, "तुमचं माहेर कुठलं म्हणायचं?" बाई माहेरचं सांगून भानावर यायची तोवर आत्या तिच्या पुढं गेलेली असायची.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्यांचा त्यांनी नोकरीभर उद्धार केला, आणि स्वतः सुट्टीवर असले की गाडीत पहिला रुमाल त्यांचाच पडायचा. आई यातलं काहीच करायची नाही. ती फक्त धरलेल्या जागेवर जाऊन बसायची.

माझं आधीचं स्थळ यापायीच मोडलं होतं. मुलाकडच्या एका लग्नाला आम्हाला मुद्दाम बोलावलं होतं. पंगत उठायच्या आत आत्यानं आमच्यासाठी ओळीनं खुर्च्या धरल्या, आणि त्यातल्या एका खुर्चीत टेकलेल्या म्हाताऱ्याला "हितं माणूस हाय" म्हणून उठवलं. ते मुलाचे आजोबा निघाले. दुसऱ्या दिवशी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला.

म्हणून या वेळी मला धास्ती होती. निनाद भोइटे मला आवडला होता. तीन महिने आम्ही फोनवर बोलत होतो आणि एकदा पुण्यात भेटलोही होतो. तो हसताना आधी डोळ्यांनी हसायचा, मग तोंडानं. मला दुसरं कुणी नको होतं, इतकं सरळ होतं सगळं. आता फक्त दोन्हीकडच्या माणसांची भेट राहिली होती, आणि निनादची आई म्हणाली होती, "पोहे-बिहे नकोत बाई, धमालपूरला भेटू. दिवसभर एकत्र राहिलं की माणसं कळतात." मला नेमकी त्याचीच भीती होती.

अण्णांनी शपथ घेतली, आईनंही घेतली. आत्या जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग तिनं माझ्या डोक्यावर तळहात ठेवला.

"पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगती. आज लाइन मोडनार न्हाय."

मला हायसं वाटलं. आत्या देवाशी घासाघीस करायची, पण डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ ती कधी मोडत नसे. मोडली तर त्या डोक्याचं काहीतरी वाईट होतं, यावर तिचा पक्का विश्वास होता.

धमालपूर म्हणजे मे महिन्यातल्या रविवारी अर्धा महाराष्ट्र एकमेकांच्या पायावर उभा असतो ते मनोरंजन पार्क. गेटवर भोइटे मंडळी आमची वाट बघत होती: काका-काकू म्हणजे निनादचे आई-वडील, तो स्वतः आणि त्याची धाकटी बहीण ऋता. काका पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. पांढरे बूट, पांढरी टोपी. नुकतेच सिंगापूरला जाऊन आले होते, आणि ते मनानं अजून तिथून परतले नव्हते.

"डुबल," पहिल्याच रांगेत त्यांनी अण्णांना आडनावानं हाक मारून समजावलं, "तिकडं लोक दोघांत हातभर अंतर ठेवून उभे राहतात. कुणी कुणाला चिकटत नाही. आपल्याकडं रांग म्हणजे नुसते गुळाच्या ढेपेवरचे मुंगळे."

"व्हय की," अण्णा म्हणाले. त्यांनी पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवलं. त्या अंतरात लगेच एक जोडपं, त्यांचं बाळ आणि बाळाचा फुगा मावला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, आणि ते आणखी हातभर मागं सरकले.

सकाळ अशी गेली. आमच्या घरानं आयुष्यात पहिल्यांदा रांगा पाळल्या आणि आमच्या डोळ्यांदेखत सगळं जग आमच्या पुढं गेलं. एक माणूस रांगेला उभा राहायचा आणि दाराशी पोचला की त्याचे बारा नातेवाईक झुडपातून उगवायचे. एका बापानं पोराला दोरीखालून पुढं ढकललं आणि "अहो, लेकरू एकटंच पुढं गेलंय" असा आक्रोश करत तो त्याच्यामागं गेला. आत्या हे सगळं मन मारून बघत होती. मधूनच माझ्या कानाशी येऊन शेरा द्यायची.

"ह्यो कच्चा हाय. खांदा आधी घातला. खांदा कधी आधी घालू ने."

"आत्या."

"मी बोलती फक्त. करती का काय?"

काकूंना मात्र आमची मंडळी फार आवडली. "किती शांत आहेत हो तुमच्या घरचे," त्या मला म्हणाल्या. निनादनं कुणाचं लक्ष नाही असं बघून माझा हात क्षणभर धरला. मला वाटलं, जमलं. आता फक्त संध्याकाळपर्यंत टिकायचं.

जेवणं झाली आणि आम्ही नागलोकला आलो. नागलोक म्हणजे अंधाऱ्या गुहेतून जाणारी होडी. आत फुसफुसणारे प्लॅस्टिकचे नाग, शेवटी एक मोठा धबधबा आणि सगळे ओले. धमालपूरला येऊन नागलोक केलं नाही तर गावाकडं तोंड दाखवता येत नसे. त्यामुळं रांग पत्र्याच्या मांडवाखाली दोऱ्यांच्या कप्प्यांतून सात-आठ वळणं घेत पसरली होती. फलकावर लिहिलं होतं, इथून पुढं दीड तास.

"या उन्हात दीड तास?" काका म्हणाले. "छे, छे. मी व्यवस्था केलीय."

त्यांनी खिशातून सोनेरी पट्टे काढले. ते मनगटाला बांधले की बाजूच्या वेगळ्या दारानं थेट आत सोडत. जास्तीचे पैसे भरले की मिळायचे. त्यांनी एक स्वतःला बांधला, एक काकूंना दिला, एक ऋताला, एक निनादला. मग पाचवा माझ्यापुढं धरला.

"घे. तू आता आमच्यातलीच."

मी अण्णांकडं बघितलं. पाचच पट्टे होते. ते काकांनाही दिसत होतं, काकूंनाही. काकू घाईनं म्हणाल्या, "यांना काय, सवय असते उभं राहायची. नाही का हो, अण्णा?"

"तर," अण्णा म्हणाले. "निम्मी नोकरी उभ्यानंच केली."

"जा गं," आई म्हणाली. "आम्ही येतो मागनं."

मी पट्टा बांधून घेतला. स्थळ होतं, पहिलाच दिवस होता, आणि निनाद पुढं चालत होता. मी गेले.

पण सोनेरी दारालाही त्या दिवशी थोडी रांग होतीच, आणि ऋताला मध्येच आइस्क्रीम हवं झालं, काकूंना बाथरूम. सगळे जमून परत येईपर्यंत तासाहून जास्त वेळ गेला. आत शिरलो तेव्हा कळलं की होडीच्या धक्क्याशी दोन्ही रांगा एकाच फाटकाला येऊन मिळतात. फाटकावर निळ्या टीशर्टातला एक कर्मचारी होता. तो एक हात आडवा करून साधी रांग अडवायचा आणि दुसऱ्या हातानं पट्टेवाल्यांना आत घ्यायचा.

त्याच्या आडव्या हाताला लागून, साध्या रांगेत अगदी पहिली, गजराआत्या उभी होती.

घामानं तिचं कुंकू ओघळलं होतं. पाठीमागं आई, मग अण्णा. आयुष्यात पहिल्यांदा इमानदारीनं उभी राहून ती पुढं पोचली होती, आणि त्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता. होडीकडं पाय टाकणार तेवढ्यात तो कर्मचारी म्हणाला, "मावशी, थांबा. आधी पट्टेवाले."

"थांबती की," आत्या म्हणाली. मग तिला मी दिसले. ती एकदम हसली. "जा जा, बाळा. तुमी जावा पुढं."

काकांनी जाता जाता अण्णांच्या खांद्यावर थोपटलं. "छान चाललंय, डुबल. शिस्त महत्त्वाची."

मला राग आला, पण नेमका कुणाचा ते तेव्हा सांगता आलं नसतं. आत्यानं मला कडेवर घेऊन किती रांगा मोडल्या होत्या, मला ताप असताना, मला भूक लागलेली असताना. आणि आज ती माझ्याच शब्दासाठी तिथं तापलेल्या पत्र्याखाली उभी होती आणि मी तिच्या नाकासमोरून पुढं चालले होते.

"काका, तुम्ही व्हा पुढं," मी म्हणाले. "मी यांच्याबरोबर येते."

आणि दोरी उचलून मी सरळ आत्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"ओ ताई," मागून एक बाई ओरडली. "मधी कुठं घुसायलाव? आमी काय येडे म्हणून उभे हाव का?"

"अहो, ही माझी माणसं आहेत. ही माझी आत्या."

"व्हय का, मावशी?" बाईनं विचारलं. "तुमची हाय का ही?"

सगळी रांग आत्याकडं बघायला लागली. आत्यानं माझ्याकडं बघितलं. मग समोर बघत ती म्हणाली, "मी न्हाय वळखत हिला."

"आत्या."

"डोक्यावर हात ठिवलाय तुझ्या," ती दात न उघडता पुटपुटली. "काय बरंवाईट झालं म्हंजी? जा, मागं जाऊन हुबी ऱ्हा."

अण्णा वर पत्र्याकडं बघत होते. आईनं पदर तोंडाला लावला होता. मी दोरीखालून बाहेर आले, सगळी वळणं उलटी चालत शेवटाला गेले आणि एका मोठ्या कुटुंबाच्या मागं उभी राहिले. हातातला पट्टा सुटेना, म्हणून दातानं तोडला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हसूही येत होतं.

माझ्यामागं अजून कुणी येऊन उभं राहिलं नव्हतं, तोच मागून कुणीतरी माझ्या वेणीला हात लावला. आत्या होती. तिच्यामागं आई आणि अण्णा.

"तुमचा नंबर आला होता की," मी म्हणाले.

"त्यो म्हनला, बसा होडीत," आत्या म्हणाली. "म्हनलं, आमची पोरगी मागं ऱ्हायलीय."

"नागच बघायचे ना," अण्णा म्हणाले. "आपल्या परसात निघतात की."

या लोकांनी जन्मात कधी धरलेली जागा सोडली नव्हती. मी आत्याचा हात धरून उभी राहिले.

निनाद होडीतून ओला होऊन परत आला, तोवर आम्ही दोन वळणं पुढं सरकलो होतो. तो एकटाच दोरीपाशी आला.

"शर्वरी, काय झालं? बाबा विचारतायत."

"काही नाही. मी यांच्याबरोबर करणार आहे नागलोक."

"अगं, अजून तासभर जाईल."

"जाईल की."

त्यानं रांग बघितली, घामेजलेली माणसं बघितली, आत्याला बघितलं. मग तो हसला, आधी डोळ्यांनी. "मग मीपण येतो तुमच्यात. बाबांना सांगून येतो. दोन मिनिटं."

तो गेला. माझं काळीज इतकं हलकं झालं की मी अण्णांच्या पाठीवर थाप मारली. आत्यानं सगळं ऐकलं होतं.

"डोकं हिकडं कर," ती म्हणाली.

मी डोकं पुढं केलं. तिनं त्यावर हात ठेवला. "सुटली म्हन."

"काय?"

"शपथ सुटली म्हन. जावयाची जागा धरायची हाय."

"सुटली," मी म्हणाले.

आत्यानं जिवावरचा भार उतरल्यासारखा श्वास सोडला, खांद्यावरची पिशवी काढली आणि आम्हा सगळ्यांच्या मागं एका माणसाच्या जागेवर खाली ठेवली. आमच्या मागं बार्शीची एक दणकट बाई होती, बरोबर नवरा, दोन जावा आणि पोरं. तिनं पिशवीकडं बघितलं.

"ही कुणाची?"

"आमच्या जावयाची," आत्या म्हणाली. "येतोय त्यो. बापाला सांगाय गेलाय."

"लगीन झालंय?"

"ठरतंय. तुमचं माहेर कुठलं म्हणायचं?"

बार्शीच्या बाईचं माहेर वैराग निघालं, आत्याची एक चुलत नणंद वैरागला दिलेली निघाली, आणि मग काही प्रश्नच उरला नाही. जावई येतायत ही बातमी वळणावळणानं मागं गेली. रांग सरकली की आत्या पायानं पिशवी पुढं ढकलायची आणि अख्खी रांग ती मोकळी जागा सांभाळून पुढं यायची. एका पोरानं तिथं शिरायचा प्रयत्न केला, तेव्हा आत्याला तोंड उघडावंसुद्धा लागलं नाही.

"ए बाबा," बार्शीच्या बाई गरजल्या. "तितं जावई हायती. माघारी व्हय."

चौथ्या वळणावर मांडवाच्या कडेला आलं की समोरचं रसाचं दुकान दिसायचं. भोइटे मंडळी तिथं बसली होती. काका बोलत होते, हात हलवत होते. निनाद खाली मान घालून ऐकत होता. त्यानं एकदा वर बघितलं, त्याला मी दिसले. त्यानं दोन बोटं वर केली. दोन मिनिटं.

मीही हात केला. रांग सरकली, आम्ही वळलो, दुकान पाठीमागं गेलं.

पुढच्या फेरीला ते पुन्हा दिसलं. काकांचं बोलणं चालूच होतं. निनादच्या समोर भरलेला ग्लास होता आणि तो नळीनं बर्फ ढवळत होता. या वेळी त्यानं वर बघितलं नाही. मी हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. मी मारली नाही. हाक मारल्यावर तो आलाही असता, आणि मग आयुष्यभर मला अशाच हाका माराव्या लागल्या असत्या, असं मला तिथं उभ्या उभ्या स्पष्ट वाटलं. फार वाईट वाटलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच यायचं होतं.

"पाव्हणं कुठं गुतलं जणू," बार्शीच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. आत्या पिशवी पुढं सरकवत राहिली. रांगेतल्या लोकांनी चौकश्या थांबवल्या. कुणीतरी आईला चिक्की दिली.

फाटक आलं. निळ्या टीशर्टवाल्यानं आत्याला ओळखलं.

"मावशी, परत? या, होडी लागलीय. किती जण?"

अण्णांनी आईकडं बघितलं, आईनं जमिनीकडं. आत्या माझ्याकडं बघत होती. तिनं पिशवीशेजारची जागा अजून सोडली नव्हती, आणि मी म्हटलं असतं तर तिनं ती होडी, तो कर्मचारी आणि मागची सगळी रांग अंधार पडेपर्यंत थोपवून धरली असती.

"चार," मी म्हणाले.

आत्यानं वाकून पिशवी उचलली, खांद्याला लावली आणि मागं वळून बार्शीच्या बाईला म्हणाली, "या, तुमी पुढं सरका."